कोथिंबीर साबणासारखी लागणं आणि ओआर६ए२ जनुक: एमएस्सीच्या वर्गात चाचणी कशी बसवावी?

मांजराकाठ (लातूर) यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी. एमएस्सी प्राणिशास्त्राच्या वर्गासाठी मानवी आनुवंशिकीचं एक प्रात्यक्षिक नव्यानं बसवायचं आहे. आजवर पीटीसी कागद जिभेवर ठेवून कडू लागतं का, एवढंच होत आलं. आता गंध-रिसेप्टरचं (वास ओळखणाऱ्या प्रथिनाचं) जनुक घ्यावं असं ठरतंय आणि पहिलं नाव आलं ते ओआर६ए२ चं, कारण कोथिंबीर काहींना साबणासारखी लागते ही गोष्ट पोरांना लगेच भिडते. आपल्याकडे आमटीपासून पोह्यापर्यंत सगळ्यावर कोथिंबीर पडतेच.

वर्गात ६० जण आहेत. ९६ खणांचं साधं पीसीआर मशीन (डीएनएचा ठरावीक तुकडा वाढवणारं), जेलचा संच, छोटा सेंट्रिफ्यूज, वॉटर बाथ आणि उणे २० चा फ्रीझर एवढं आहे. रिअल-टाइम मशीन नाही, सिक्वेन्सिंग बाहेरून करून घ्यावं लागेल. लाइटचा भरवसा नाही, इन्व्हर्टरवर मशीन चालत नाही.

विचारायचं असं की आरएस ७२९२१००१ हा एसएनपी (डीएनएतल्या एका अक्षराचा फरक) तपासला तर कोथिंबिरीच्या चवीशी जोड दाखवता येईल का? नमुना नाकातून घ्यावा लागतो की गालातून चालतो? आणि या जनुकांचे प्रायमर (वाढवायच्या तुकड्याची टोकं ठरवणारे छोटे डीएनए) नीट लागत नाहीत, दुसरंच काहीतरी वाढतं असं ऐकलं आहे, त्यावर उपाय काय? रक्त काढायचं नाही, हे पक्कं आहे.

खाम_नदी (छत्रपती संभाजीनगर)

सर, विषय उत्तम आहे, पण ओआर६ए२ वर अख्खं प्रात्यक्षिक उभं करू नका. कारण सांगतो.

कोथिंबिरीचा तो अभ्यास २०१२ साली आला. साबणासारखी चव लागते का, या प्रश्नाला १४,६०४ जणांनी दिलेली उत्तरं त्यात जनुकीय माहितीशी ताडून पाहिली आणि आवड-नावडीचा पडताळा आणखी ११,८५१ जणांवर घेतला. हे लोक युरोपीय वंशाचे होते. त्यातून आरएस ७२९२१००१ वर खूण सापडली. तिथलं ए हे रूप प्रत्येक प्रतीमागे साबणी चवीची शक्यता थोडी कमी करतं, ऑड्स रेशो (शक्यतांचं गुणोत्तर) ०.८१. म्हणजे सी-सी असणाऱ्या पुष्कळ लोकांना कोथिंबीर छान लागते आणि ए-ए असणाऱ्या काहींना साबण लागतो. तपासलेल्या सगळ्या एसएनपींनी मिळून या गुणातला जो फरक समजावला तो ९ टक्क्यांच्याही आत होता. इतका बारीक परिणाम १४ हजारांत दिसतो. ६० जणांत दिसला तर तो योगायोग समजावा.

दुसरी अडचण आपल्या भागाची आहे. २०१२ मध्येच टोरांटोत तरुणांवर झालेल्या पाहणीत कोथिंबीर नावडणारे पूर्व आशियाई गटात २१ टक्के होते, दक्षिण आशियाई गटात ७ टक्के. त्या हिशेबानं तुमच्या ६० मध्ये नावड सांगणारे चारेक निघतील, आणि नावडणाऱ्या प्रत्येकाला साबणच लागतो असंही नाही. चार जणांच्या गटावर लावलेली संख्याशास्त्रीय कसोटी काहीच ठाम सांगू शकत नाही.

तिसरा मुद्दा शिकवण्याच्या दृष्टीनं सगळ्यात मोलाचा. हा एसएनपी ओआर६ए२ च्या प्रथिनात बदल घडवणारा नाही. ११ व्या गुणसूत्राच्या आखूड बाहूवर (११पी१५.४) गंध-रिसेप्टरांच्या जनुकांचा एक झुबका आहे, त्यात तो बसतो. त्या झुबक्यातलं ओआर६ए२ हे ॲल्डिहाइडांना प्रतिसाद देणारं म्हणून माहीत आहे आणि कोथिंबिरीच्या पानांचा वास ॲल्डिहाइडांचाच, म्हणून बोट त्याच्याकडे गेलं. हा तर्क जोरदार आहे, पण पुरावा आणि तर्क यांतला फरक पोरांना इथंच दाखवून द्या. एसएनपी ही खूण आहे, कारण शेजारच्या दुसऱ्या जनुकातही असू शकतं.

याऐवजी ओआर५ए१ घ्या. हेही ११ व्या गुणसूत्रावरच आहे, पण लांब बाहूवर (११क्यू१२.१). बीटा-आयोनोन या द्रव्याचा वास येणं न येणं जवळजवळ या एकाच जनुकावर ठरतं. आरएस ६५९१५३६ या जागी जी असेल तर प्रथिनात १८३ व्या ठिकाणी ॲस्पार्टिक आम्ल येतं, ए असेल तर ॲस्पॅराजिन. जी ची एक प्रत असली तरी वास नीट येतो. ए-ए असणाऱ्यांना फार मोठी मात्रा लागते, आणि तेव्हाही फुलासारखा वास न येता आंबूस, उग्र काहीतरी जाणवतं. २०१३ मध्ये न्यूझीलंडच्या गटानं दाखवलं की संवेदनशीलतेतला जवळपास ९६ टक्के फरक या एका बदलानं समजतो. गंधाच्या बाबतीत इतकं स्वच्छ मेंडेलीय उदाहरण दुसरं नाही. ६० जणांत नातं उघड दिसावं, एवढा हा परिणाम मोठा आहे.

प्रायमर मागवण्याआधी डीबीएसएनपीवर (एसएनपींच्या ऑनलाइन संग्रहात) या एसएनपीचं दक्षिण आशियातलं प्रमाण पाहून घ्या. तिथं १००० जीनोम प्रकल्पाचे पाच दक्षिण आशियाई गट दिसतील: गुजराती, पंजाबी, बंगाली, श्रीलंकन तमिळ आणि तेलुगू. मराठी गट त्यात नाही. मराठवाड्यासाठी तेलुगू आणि गुजराती आकडे शेजारी ठेवून अंदाज बांधा. ए चं प्रमाण क्यू असेल तर वास न येणारे क्यूच्या वर्गाइतके. ही आकडेमोड पोरांकडूनच करून घ्या आणि निकाल लागण्याआधी वहीत लिहून ठेवायला सांगा.

नाकाच्या नमुन्याबद्दल: गरज नाही. रिसेप्टर नाकाच्या वरच्या भागातल्या गंधपेशींत तयार होतो, पण जनुक शरीराच्या प्रत्येक केंद्रकी पेशीत तेच असतं. गालाच्या पेशी पुरतात. नाकातून नमुना लागतो तो आरएनए पाहायचा असेल तेव्हा, आणि तो कॉलेजच्या प्रयोगशाळेत करायचा उद्योग नाही.

गोदातीर (नांदेड)

वरच्या उत्तराशी पूर्ण सहमत. आता हाताचं काम कसं करायचं ते लिहिते.

आधी प्रायमरचं, कारण निम्मे प्रयोग तिथंच फसतात. माणसात चालू स्थितीतली गंध-रिसेप्टर जनुकं सुमारे ४०० आहेत आणि त्याहून जास्त बंद पडलेली, म्हणजे स्यूडोजीन. सगळी एकाच साच्यातली. प्रथिनाचा सांकेतिक भाग जेमतेम हजार बेसचा, मध्ये इन्ट्रॉन म्हणजे असांकेतिक तुकडा नाही, आणि काही पट्टे तर शब्दशः सारखे. तिसऱ्या पडदा-पल्ल्याच्या शेवटी येणारा एम-ए-वाय-डी-आर-वाय हा पट्टा जवळजवळ सगळ्यांत सापडतो. प्रायमर अशा पट्ट्यावर पडला की पाच-सहा जनुकं एकदम वाढतात, आणि जेलवर मात्र एकच देखणा बँड दिसतो, कारण सगळ्यांची लांबी सारखीच. फसगत होते ती इथं. सिक्वेन्सिंगला पाठवल्यावर एकावर एक चढलेली शिखरं आली की कळतं.

म्हणून प्रायमर-ब्लास्टमध्ये (प्रायमर कुठं कुठं जुळतो ते शोधणारं ऑनलाइन साधन) डेटाबेस म्हणून संपूर्ण मानवी जीनोम निवडा, नुसते आरएनए नकोत. प्रायमरच्या ३′ टोकाकडच्या (जिथून नक्कल पुढे वाढते) शेवटच्या पाच बेसमध्ये जवळच्या भावंड-जनुकांशी निदान दोन बेस जुळू नयेत. सिक्वेन्सिंगसाठीची जोडी शक्यतो जनुकाच्या बाहेरच्या भागात टाका, तो भाग प्रत्येकाचा वेगळा असतो. ओआर५ए१ मध्ये बदल सांकेतिक भागाच्या ५४७ व्या बेसवर आहे. सिक्वेन्सिंगचा प्रायमर तिथून निदान ८० बेस लांब हवा, सुरुवातीचे ३०-५० बेस कधीच स्वच्छ वाचता येत नाहीत.

वर्गासाठी दोन ट्यूबांची ॲलील-विशिष्ट पीसीआर करा (ॲलील म्हणजे जनुकाचं एक रूप). दोन्ही ट्यूबांत एक सामाईक प्रायमर, एका ट्यूबमध्ये जी वर संपणारा, दुसरीत ए वर संपणारा. नुसतं शेवटचं अक्षर वेगळं ठेवून भागत नाही. ए-जी बदलात चुकीच्या टेम्प्लेटवर (ज्याची नक्कल होते त्या डीएनएवर) ए-सी किंवा जी-टी अशी जोडी पडते, आणि या दोन्ही जोड्या ढिल्या असल्या तरी टॅक (पीसीआरचा एन्झाइम) त्या चालवून घेतो. म्हणून ३′ टोकाकडून तिसऱ्या बेसवर मुद्दाम एक कडक विजोड (न जुळणारी जोडी) घालायची, जी-ए किंवा सी-टी. (कोथिंबिरीचा एसएनपी सी-ए आहे, तिथं शेवटची विजोड आपोआप कडक पडते, म्हणून तिसऱ्या जागी सौम्य घालावी. उलट केलं तर खरा बँडही येत नाही.) शिवाय प्रत्येक ट्यूबमध्ये दुसऱ्याच एखाद्या जनुकाची नियंत्रण-जोडी हवी. ॲलीलचा बँड २०० च्या आसपास ठेवा, नियंत्रणाचा ४०० च्या पुढे. नियंत्रण-बँड आला आणि ॲलीलचा नाही, तरच ‘नाही’ म्हणायचं. दोन्ही नसतील तर ती ट्यूब बाद.

एन्झाइम साधा हॉट-स्टार्ट टॅक घ्या. महागडा प्रूफरीडिंग एन्झाइम इथं घातक आहे, तो प्रायमरचं न जुळणारं टोक कुरतडून दुरुस्त करतो आणि दोन्ही ट्यूबांत बँड देतो.

डीएनए काढायला चेलेक्स मण्यांची पद्धत पुरेशी आहे. खाण्यापिण्यानंतर अर्धा तास गेलेला असावा, आधी साध्या पाण्यानं चूळ भरलेली असावी. मग ०.९ टक्के मिठाचं निर्जंतुक पाणी १० मिली तोंडात घेऊन ३० सेकंद गालांवर जोरानं खळखळवायचं आणि कागदी कपात टाकायचं. त्यातलं १.५ मिली ट्यूबमध्ये घेऊन दीड मिनिट फिरवा. वरचं पाणी ओतून द्या, तळाशी पांढरट गोळी राहील, ती उरलेल्या ३० मायक्रोलिटरमध्ये विरघळवा. हे सगळं १०० मायक्रोलिटर १० टक्के चेलेक्समध्ये टाका, ९९ अंशांवर १० मिनिटं, मग जोरात हलवून पुन्हा दीड मिनिट फिरवा. वरचं ३० मायक्रोलिटर नव्या ट्यूबमध्ये. संपलं.

चेलेक्सचे मणी झपाट्यानं तळाशी बसतात, म्हणून प्रत्येक वेळी उपसण्याआधी हलवा आणि टिपचं टोक कात्रीनं कापून तोंड रुंद करा, नाहीतर काहींच्या वाट्याला नुसतं पाणी येतं. शेवटच्या टप्प्यात उलट दक्षता: एकही मणी वरच्या द्रवासोबत येता कामा नये. चेलेक्स मॅग्नेशियम धरून ठेवतो, आणि मॅग्नेशियमशिवाय टॅक हलत नाही. ‘डीएनए आहे पण पीसीआर येत नाही’ याचं पहिलं कारण हेच असतं. ट्यूब पुन्हा फिरवून फक्त वरचा थर घेतला तर बहुतेक वेळा काम होतं. हा डीएनए उकळलेला म्हणजे एकसरी असतो, त्यामुळे दुहेरी डीएनएच्या सूत्रानं मोजू नका आणि थेट रेस्ट्रिक्शन एन्झाइमनं कापायलाही जाऊ नका.

मिश्रण एका २० मायक्रोलिटर ट्यूबला असं: दुप्पट तीव्रतेचं मास्टर मिक्स १०, ॲलील प्रायमर (१० मायक्रोमोलर) ०.८, सामाईक प्रायमर ०.८, नियंत्रणाचे दोन्ही प्रायमर ०.२-०.२, पाणी ५, डीएनए ३. तुमचे ६० नमुने दोन फेऱ्यांत ३०-३० करा. एका माणसाच्या दोन्ही ट्यूबा एकाच फेरीत. प्रत्येक फेरीत जी-जी, ए-जी, ए-ए असे तीन माहीत नमुने आणि एक पाण्याची ट्यूब. म्हणजे दोन्ही फेऱ्या मिळून प्रत्येक ॲलीलसाठी ६८ ट्यूबा होतात, सांडलवंड धरून ७५ चं मिश्रण करा: ७५० मास्टर मिक्स, ६०, ६०, १५, १५ आणि पाणी ३७५. एकूण १,२७५. प्रत्येक ट्यूबमध्ये १७ ओतून वर ३ डीएनए. दुसऱ्या फेरीचं मिश्रण लगेच वापरायचं नसेल तर फ्रीझरमध्ये ठेवा, बाकावर नको.

मशीनवर ९५ अंश ५ मिनिटं, मग ३२ चक्रं ९५ अंश ३० सेकंद, ६० अंश ३० सेकंद, ७२ अंश ३० सेकंद, शेवटी ७२ वर ५ मिनिटं. ६० हा अंदाज आहे, आधी माहीत नमुन्यांवर ५६ ते ६६ असा ग्रेडियंट लावून ठरवा. चक्रं ४० वर नेण्याचा मोह टाळा. पस्तिशीच्या पुढे चुकीचा प्रायमरही चालायला लागतो आणि सगळा वर्ग ए-जी दिसू लागतो.

जेल २ टक्के: १०० मिली टीएई बफरमध्ये २ ग्रॅम ॲगॅरोज, १०० व्होल्ट, ४० मिनिटं. टीएई डिस्टिल्ड पाण्यातच करा. बोअरच्या जड पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम बफरमधल्या ईडीटीएला खाऊन टाकतं, बँड पसरट येतात आणि दोष मशीनवर जातो.

मांजराकाठ

खूप आभार. तीन माहीत नमुने आणायचे कुठून, हे कळलं नाही. आणि दुपारी लाइट गेली तर मध्येच अडकलेल्या ट्यूबांचं काय करायचं?

गोदातीर

माहीत नमुने तुम्हालाच तयार करावे लागतील. स्वेच्छेनं तयार असलेल्या आठ-दहा जणांचा डीएनए काढा, जनुकाचा ५००-६०० बेसचा तुकडा वाढवून सिक्वेन्सिंगला पाठवा. क्रोमॅटोग्राममध्ये (सिक्वेन्सिंगच्या आलेखात) ५४७ व्या जागी एकच हिरवं शिखर म्हणजे ए-ए, एकच काळं म्हणजे जी-जी, दोन्ही निम्म्या उंचीची एकावर एक म्हणजे ए-जी. सॉफ्टवेअर कधी कधी दोनांतलं एकच अक्षर छापतं, म्हणून नुसता मजकूर वाचू नका, आलेख उघडून पाहा. पुढून आणि मागून दोन्ही बाजूंनी वाचलेलं असेल तर शंका राहत नाही.

प्रायमर कोरडे येतात, कुरियरमध्ये दोन-चार दिवस उन्हात राहिले तरी बिघडत नाही. ट्यूबवर नॅनोमोल लिहिलेले असतात, त्याला १० नं गुणा, तेवढे मायक्रोलिटर पाणी घातलं की १०० मायक्रोमोलर. २४.६ नॅनोमोल असेल तर २४६ मायक्रोलिटर. उघडण्याआधी ट्यूब फिरवून घ्या, भुकटी झाकणाला चिकटलेली असते. मास्टर मिक्सला मात्र थंडावा लागतो, ते मे महिन्यात मागवू नका. आपल्याकडे उन्हाळ्यात खोली ४० च्या पुढे असते, तेव्हा बर्फाशिवाय मिश्रण केलं तर साधा टॅक तिथल्या तिथं चालू होतो आणि खाली प्रायमर-डायमरची (एकमेकांना चिकटलेल्या प्रायमरांची) पुंजकी उरतात. हॉट-स्टार्ट घ्यायचं सांगितलं ते यासाठीही. दिवाळीनंतरचे तीन महिने सगळ्यात सोयीचे.

लाइटचं म्हणाल तर फेरी दीड-पावणेदोन तासांची आहे. सकाळी लवकर लावा किंवा मशीनच्या वॅटक्षमतेला पुरणारा ऑनलाइन यूपीएस जोडा. तापवण्याच्या झटक्याला मशीन बराच करंट ओढतं, घरगुती इन्व्हर्टर तिथंच पडतो. काही मशीनं लाइट आल्यावर जिथं थांबली तिथून सुरू करतात. दोन-चार मिनिटांचा खंड असेल तर चालून जातं. अर्धा तास गेला असेल तर ट्यूबा टाकून द्या, कारण मधल्या काळात ट्यूब गार होऊन प्रायमर नको तिथं चिकटतात आणि पुढच्या चक्रांत तेच वाढतं. ॲलील-चाचणीत असा निकाल वाचणं धोक्याचं.

पाण्याच्या ट्यूबमध्ये बँड आला तर पूर्ण फेरी रद्द. इथं दूषित करणारा डीएनए माणसाचाच आहे, म्हणजे प्रयोगशाळेतला प्रत्येक जण टेम्प्लेट घेऊन फिरतोय. फिल्टरच्या टिपा, मास्क, आणि मिश्रण एका टेबलावर तर डीएनए टाकणं दुसऱ्या टेबलावर. पीसीआर झालेली ट्यूब पहिल्या टेबलाकडे पुन्हा न्यायची नाही. टेबल ०.५ टक्के हायपोक्लोराइटनं पुसा, नुसत्या स्पिरिटनं डीएनए मरत नाही.

वासाची_वही (बीड)

जनुकाची बाजू झाली, आता नाकाची. वासाची चाचणी ढिसाळ झाली तर उत्तम जीनोटायपिंगही (कुणाकडे जनुकाचं कोणतं रूप आहे ते ठरवणं) वाया जातं. ‘वास येतो का’ असं विचारू नका, संकोचानं पोरं हो म्हणतात. त्रिकोण चाचणी घ्या: तीन सारख्या बाटल्या, एकीत बीटा-आयोनोन, दोनींत नुसतं तेल, वेगळी ओळखायची. तीनदा घ्यायची. नुसत्या अंदाजानं तिन्ही वेळा बरोबर येण्याची शक्यता २७ त १.

द्रावक म्हणून बिनवासाचं हलकं पॅराफिन तेल. खोबरेल किंवा शेंगदाण्याचं तेल नको, त्यांनाच वास असतो. १० मायक्रोलिटर बीटा-आयोनोन ९९० मध्ये म्हणजे १ टक्का. तिथून दहा-दहा पट पातळ करत ०.०००१ टक्क्यापर्यंत जा. प्रत्येक पायरीला नवी टिप आणि नीट ढवळणं. तपकिरी काचेच्या बाटलीत २ मिली पुरे, रबरी बूच नको, ते वास पितं. चाचणी सगळ्यात पातळ पायरीपासून वर चढवायची. आधी तीव्र हुंगलं की नाक काही काळ बधिर होतं आणि पुढचे सगळे आकडे खोटे येतात. दोन हुंगण्यांत निदान ४५ सेकंद. कोणती बाटली कुठली, हे देणाऱ्यालाही माहीत नसावं, म्हणून सांकेतिक आकडे तिसऱ्यानं घालावेत. जीनोटाइपचा निकाल लागण्याआधी ही चाचणी पूर्ण करा.

सर्दी असलेल्यांना त्या दिवशी वगळा. खोलीत उदबत्ती, फिनेल, गजरा, अत्तर काही नको. तंबाखू-सुपारी खाऊन आलेल्यांची वेळ पुढे ढकला. ओळखली का, याबरोबरच कसा वास आला तेही शब्दांत लिहून घ्या: फुलासारखा, गोड, आंबूस, उग्र. ए-ए वाल्यांची शब्दांची निवडच वेगळी निघते आणि हा भाग मला तरी उंबरठ्याच्या (कमीत कमी किती मात्रेला वास येतो त्या) आकड्यापेक्षा जास्त बोलका वाटतो. गाजर आणि टोमॅटोच्या वासातही बीटा-आयोनोन असतं, त्यामुळे एकच टोमॅटो दोघांना वेगळा का लागतो, इथवर चर्चा नेता येते.

दुधनाकाठ (परभणी)

ओआर६ए२ ला पूर्ण सोडू नका, अर्ध्या तासाचं जोडकाम म्हणून ठेवा. जनुक न तपासता फक्त वास. पानांच्या वासात डेकॅनल, (ई)-२-डेसेनल, (ई)-२-डोडेसेनल अशी लांब साखळीची ॲल्डिहाइडं असतात, आणि साबणाच्या वासातही अशीच ॲल्डिहाइडं भेटतात. हिरवा ढेकूण-किडा चिरडल्यावर येणारा वासही याच कुळातला. पिकलेल्या धन्यात मात्र लिनालूलचं राज्य असतं, ॲल्डिहाइडं फळ पिकता पिकता घटतात. म्हणून कोथिंबीर नको म्हणणारा धनेपूड घातलेली भाजी आनंदानं खातो.

तीन वाट्या ठेवा: नुकतीच तोडलेली अख्खी पानं, ५ ग्रॅम पानं खलबत्त्यात कुटून लगेच, आणि तेवढीच कुटून अर्धा तास झाकून ठेवलेली. कुटल्यावर पानातलीच एन्झाइमं ॲल्डिहाइडांचं रूपांतर करायला लागतात आणि साबणी बाजू उतरते. ठेच्यात किंवा वाटून केलेल्या चटणीत कोथिंबीर चालते पण वरून पेरलेली नको, असं म्हणणारे भेटतात ते यामुळे. वाफवून तळलेल्या वडीत तर ती द्रव्यं उष्णतेनं उडून बरीच कमी झालेली असतात. चौथी वाटी धन्याची ठेवलीत तर तुलना पूर्ण होते. जुडी सकाळची ताजी घ्या. बाजारात पाणी मारून दिवसभर ठेवलेली पानं काळवंडलेली असतात, तिसऱ्या वाटीतली प्रक्रिया त्यांच्यात आधीच होऊन गेलेली असते.

शुद्ध डेसेनल मागवू नका, कातडीला झोंबतं. पानांवर काम भागतं.

खाम_नदी

एक राहिलं, आणि ते सुरू करण्याआधीचं आहे. माणसाचा जनुकीय नमुना घेताय, तर आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे संस्थेच्या नीतिसमितीची मंजुरी आणि प्रत्येकाची लेखी संमती घ्या. नमुना न देणाऱ्या विद्यार्थ्याचे गुण कापले जाता कामा नयेत, त्याला सांकेतिक नमुना देऊन तेच काम करू द्या. ट्यूबांवर नाव किंवा हजेरी क्रमांक नको, कोड टाका आणि कोडची यादी शिक्षकांनीही जवळ ठेवू नये. आडनाव, जात, गाव यांच्या नोंदी या कामाला लागतच नाहीत.

घरून आईवडिलांचे, भावंडांचे नमुने आणायला कधीही सांगू नका. वंशावळ दाखवायचा मोह होतो, पण एखाद्या घरात नातं न जुळणारा निकाल आला तर तो निस्तरणं कुणाच्याच हातात नाही. वंशावळ कागदावरच्या काल्पनिक कुटुंबाची द्या. आणि उरलेला डीएनए सत्र संपताच नष्ट करायचा, हे संमतीपत्रात आधीच लिहा.

निकालाच्या तक्त्यात हार्डी-वाइनबर्गचा (ॲलीलांच्या प्रमाणावरून प्रत्येक जोडीचे किती जण असावेत त्याचा) ताळा घ्यायला विसरू नका. ए-जी अपेक्षेपेक्षा फार कमी निघाले तर कुठला तरी ॲलील-प्रायमर दुबळा पडतोय, फार जास्त निघाले तर चक्रं किंवा डीएनए जास्त झालाय. वास स्पष्ट येतो पण जीनोटाइप ए-ए, असे जे दोन-तीन निघतील तेच नमुने सिक्वेन्सिंगला पाठवा. सगळे पाठवायचा खर्च करू नका.

मांजराकाठ

ठरलं. ओआर५ए१ मुख्य, कोथिंबिरीच्या चार वाट्या जोडीला. नीतिसमितीचा अर्ज या आठवड्यात टाकतो. प्रायमर ठरले की मागवण्याआधी त्यांचे क्रम आणि प्रायमर-ब्लास्टचा निकाल याच धाग्यात टाकीन, गोदातीर मॅडमनी आणि खाम_नदी सरांनी तिसऱ्या बेसची विजोड तेवढी तपासून द्यावी.